फ्लुइड मेकॅनिक्सचा टॉक, भर एप्रिलात, पंखे बंद करून

जळगावातल्या एका कॉलेजात गणितवाले अधूनमधून रिसर्च टॉक ठेवतात, फ्री असतं, कोणीही जाऊन बसा. भाचा तिथे एमएस्सीला आहे, तो म्हणे मामा या, पाण्यावर आहे, म्हणून मी आपला यावलहून एसटी पकडून गेलो, मला वाटलं ठिबकचं काहीतरी असेल. फलक वाचला तर अप्लाइड मॅथेमॅटिक्स. म्हटलं गेला दिवस.

पहिली 25 मिनिटं शाल, नारळ आणि परिचय. मग स्लाइड, नेव्हिए-स्टोक्सची समीकरणं (पाणी, हवा कशी वाहते ते सांगणारी), अक्षर मुंगीएवढं, मागच्या तीन रांगा सरळ मोबाइलमध्ये. मला कळलं ते एवढंच की समीकरणं एकोणिसाव्या शतकातली, पण त्यांची उत्तरं कायम नीट राहतात की मधेच फाटतात हे कोणाला सिद्ध करता आलेलं नाही, आणि जो करेल त्याला अमेरिकेतल्या क्ले इन्स्टिट्यूटचे 10 लाख डॉलर, 2000 सालापासून तसेच पडून आहेत.

मग सरांनी लॅपटॉप मिटला आणि काचेची नळी काढली. रेनॉल्ड्स नावाच्या इंजिनिअरने 1883 मध्ये मँचेस्टरला केलेला प्रयोग. पाणी हलायला नको म्हणून पंखे बंद करायला लावले, एप्रिलात, जळगावात, काय बोलता! पण ना भो, नळ जरासा सोडला तर पोटॅशची (खताचं नाही, पोटॅशियम परमँगनेट) जांभळी रेघ नळीभर दोऱ्यासारखी सरळ, आणि नळ वाढवला की एका जागी थरथरली आणि सगळं पाणी गढूळ. वेग गुणिले नळीचा व्यास भागिले पाण्याचा चिकटपणा, हा आकडा साधारण 2000 च्या पुढे गेला की असं व्हायला लागतं म्हणे. घाम विसरलो.

शेवटी मी विचारलं, सर, लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या बारीक नळीच्या, टोकाच्या केळीला पाणी कमी का पडतं? पोरं हसली. सरांनी मात्र खडू घेतला. टोकापर्यंत जाता जाता प्रेशर पडतं, पण ड्रिपरमधली, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीतली, वाट मुद्दाम नागमोडी असते, पाणी आत घुसळतं आणि मग फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतो. म्हणजे प्रेशर अर्धं झालं तरी ताशी 4 लिटरचा ड्रिपर 2.8 देतो, रेघेसारखं सरळ वाहिलं असतं तर 2 वरच आला असता. पंधरा वर्षं ठिबक वापरतोय, कंपनीच्या एकाही माणसाने हे सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वावरात डबे लावून एक तास मोजलं, पहिल्या झाडाला 4, शेवटच्याला तीनला थोडं कमी. थोडं चोकअपही असेल.

5 पैकी साडेतीन स्टार, एक स्लाइडचा कापला, अर्धा शालीचा. चहा बरा होता. जाणार असाल तर अर्धा तास उशिरा जा आणि पुढे बसा.