कमी चाललेली जुनी स्कूटर: आठ महिने आणि ३,८८६ किलोमीटरनंतरचा अनुभव

मागच्या मंगळवारी ऑफिसातून निघाले. सिग्नल हिरवा झाला, मी ॲक्सिलरेटर पिळला, इंजिन मोठ्याने ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही. मागून हॉर्न सुरू झाले. पुन्हा पिळला, पुन्हा तेच. उतरून गाडी कडेला घेतली. इंजिन अगदी सुरळीत चालू होतं, लाइट लागत होते, फक्त मागच्या चाकापर्यंत काही पोचत नव्हतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला देणारा बेल्ट तुटला होता. मीटरवर रनिंग होतं १३,२८६ किलोमीटर.

तेरा हजाराला बेल्ट तुटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ११० सीसीच्या गिअरलेस गाड्यांचा बेल्ट साधारण २० ते २५ हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा असतो. मी तर वहीत लिहूनच ठेवलं होतं, २० हजाराला बेल्ट. त्याच्या बऱ्याच आधी तो गेला. गाडी घेताना मी मीटरवरच्या ज्या एका आकड्यावर विसंबले, तो आकडा खोटा नव्हता. तो शंभर टक्के खरा होता आणि माझी फसगत त्यामुळेच झाली. पहिलीच गाडी, तीही सेकंड हँड आणि बेताच्या पैशात घ्यायची असेल, तर हे आधी वाचलेलं बरं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शेवटी दोन गाड्यांवर येऊन अडले होते. एक चार वर्षांची, ३१ हजार चाललेली. डाव्या पॅनलवर लांब ओरखडा, पायाखालची मॅट घासून गुळगुळीत झालेली. मालकाकडे बिलांची जाड फाइल होती: २२ हजार किलोमीटरला बेल्ट आणि रोलर, त्यानंतर मागचा टायर, मग बॅटरी. दुसरी सात वर्षांची, फक्त ९,४०० चाललेली, रंग नव्यासारखा. बिलं जवळपास नाहीतच. विकणारे काका म्हणाले, "फारशी चालवलीच नाही हो, जशीच्या तशी आहे." दोघींची किंमत जवळजवळ सारखी. मी दुसरी घेतली.

मीटरवर आंधळा विश्वास ठेवला नव्हता, हे सांगायला हवं. केबलवर चालणारं मीटर असेल तर चाकाकडची केबल सोडली की गाडी पळत राहते आणि आकडा तिथेच थांबतो, हे माहीत होतं. म्हणून मी झीज बघत बसले. किकच्या रबरावरच्या रेषा शाबूत होत्या. ब्रेकच्या लिव्हरला बोटं लागतात तिथला रंग उडाला नव्हता. ग्रिपची खरबरीत नक्षी तळहाताला टोचत होती. फुटबोर्डवर टाच टेकते तिथे खड्डा पडतो, तोही नव्हता. चावीची धार तीक्ष्ण होती. मीटर खरं आहे याची पूर्ण खात्री झाली आणि मी खूश झाले.

करायला हवा होता तो हिशेब साधा होता. ९,४०० भागिले ७, म्हणजे वर्षाला साडेतेराशेही नाही. दिवसाला चार किलोमीटरसुद्धा नाही. म्हणजे ही गाडी हळूहळू वापरलेली नव्हती, ती बहुतेक काळ उभीच होती. चालणारी गाडी आणि उभी राहणारी गाडी यांचं म्हातारपण वेगवेगळं असतं. लोखंड झिजतं ते किलोमीटरने. रबर मात्र वर्षांनी संपतं, गाडी चालो किंवा न चालो. आणि स्कूटरमध्ये रबर किती ठिकाणी असतं हे ती उघडल्याशिवाय कळत नाही.

तुटलेला बेल्ट मी मेकॅनिककडून मागून घेतला. त्याने डावीकडचं लांब कव्हर काढलं तर आत सगळीकडे काळी भुकटी उडालेली आणि क्लचभोवती बेल्टचे धागे गुंडाळलेले. त्याने व्हर्नियर लावून तुकड्याची रुंदी मोजली. रुंदी मापात होती. म्हणजे बेल्ट झिजलेला नव्हताच. मग त्याने तो उलटा वाकवला. दात्यांच्या मुळाशी एकामागून एक भेगा उघडल्या, प्रत्येक दात्यापाशी एक. "हा कडक पडलाय. चालून नाही गेला, उभा राहून गेला," तो म्हणाला. हे वाक्य मी विसरणार नाही.

गिअरलेस गाडीत हा बेल्टच गिअरचं काम करतो. पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि पुलीच्या दोन तबकड्या जवळ ढकलतात, त्यामुळे बेल्ट पुलीवर वर चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीत तो आत उतरतो. तुम्ही वेग घेता तेव्हा आत ही चढउतार सतत चालू असते, दर मिनिटाला हजारो फेऱ्यांमध्ये बेल्ट वाकतो आणि सरळ होतो. नरम रबर हे सहन करतं. सात वर्षं पुलीवर एकाच आकारात वाकून बसलेलं, कडक झालेलं रबर किती दिवस करणार? माझ्याकडे आल्यावर रोजचे वीस किलोमीटर सुरू झाले आणि आठ महिन्यांत त्याने हात टेकले.

खरं तर इशारा आधीच मिळाला होता. दुसऱ्या महिन्यात पहिला पाऊस पडला आणि वळणावर मागचं चाक वीतभर सरकलं. पडले नाही, पण पोटात गोळा आला. टायरची नक्षी खोल होती, हवा बरोबर होती. मग टायरच्या कडेचा चार आकड्यांचा शिक्का वाचला: १२१८. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २०१८ सालचा बारावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर, नक्षी भरपूर शिल्लक आणि रबर लाकडासारखं. नखाने दाबलं तर नख रुतत नव्हतं, कडेला बारीक तडे होते. दोन्ही टायर बदलले. हा शिक्का वाचायला अर्धं मिनिट लागतं. गाडी बघायला गेले तेव्हा वाचला असता तर बेल्टचाही अंदाज आला असता, कारण दोघांचं वय एकच.

बाकीचं भराभर सांगते. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक छिद्रं, जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने तुंबले होते, सकाळी चोक ओढूनही सहा-सात किका लागायच्या. कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबराला चीर होती, तिथून हवा ओढली जायची आणि गाडी सिग्नलला आपोआप रेस व्हायची. पेट्रोलचा पाइप बदलला. बॅटरी बदलली. सगळं मिळून, बेल्ट-रोलर धरून, गाडीच्या किमतीच्या पाव हिश्श्याच्या वर खर्च गेला आहे. मी खूप घासाघीस करून सूट मिळवली होती, ती या खर्चात केव्हाच धुऊन निघाली.

आता पेट्रोलच्या काट्याबद्दल. लोक म्हणतील बेल्ट तुटला आणि ही काट्यावर काय लिहिते आहे, पण मला या गाडीत सगळ्यात जास्त छळलं असेल तर त्या काट्याने. टाकी फुल केली की तो फुलवर जातो. साठेक किलोमीटरने अर्ध्यावर येतो आणि तिथेच बसतो. दीडशे झाले तरी अर्ध्यावर. मग एखाद्या खड्ड्यात गाडी आदळली की एकदम लालच्या खाली. पहिल्या महिन्यात दोनदा पेट्रोल संपून गाडी ढकलली आहे. ज्या मीटरने किलोमीटर अगदी खरे सांगितले, त्याच्याच शेजारचा काटा रोज माझ्याशी खोटं बोलत होता, याचा मला मनापासून राग येतो.

गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काटा दाखवला. अंदाजपत्रकात लिहिलं, पूर्ण मीटर असेंब्ली बदला. मी विचारलं, टाकीतला फ्लोट (पेट्रोलच्या पातळीबरोबर वर-खाली होणारा तरंगता भाग) काढून बघितलात का? नाही. मग मीटरच खराब आहे हे कशावरून? "मॅडम, या मॉडेलला असंच करावं लागतं." अर्धा तास वाद घातला, सही न करता गाडी बाहेर काढली. बाहेरच्या मेकॅनिकने काय केलं? टाकीतला फ्लोट बाहेर काढला, वायर जोडलेलीच ठेवली, चावी ऑन केली आणि फ्लोटची दांडी हाताने वर-खाली केली. काटा वरपर्यंत गेला, खालपर्यंत आला. म्हणजे मीटर ठणठणीत. फक्त मधल्या एका जागी दांडी अडत होती. तिथे रेझिस्टन्सच्या पट्टीवर तपकिरी थर धरला होता. त्याचा अंदाज असा की गाडी वर्षानुवर्षं अर्ध्या टाकीवर उभी असणार, दांडी त्याच जागी राहिली आणि तिथेच गंज-चिकटा बसला. म्हणजे माझा काटा गाडी कुठल्या पातळीवर उभी होती ते दाखवतो! त्याने साफ केलं, महिनाभर बरं चाललं, पुन्हा तेच. नवीन फ्लोट युनिट बेल्टच्या किमतीच्या आसपास जातं. तेवढे पैसे मी काट्यावर घालणार नाही.

मात्र या काट्यामुळे वही सुरू झाली आणि ती फार उपयोगी पडली. काटा सांगत नाही म्हणून दर वेळी टाकी फुल, किलोमीटरची नोंद, लिटरची नोंद. ॲव्हरेज आलं ३९, मग ३८, मग ३५. चालवताना काहीच वेगळं जाणवत नव्हतं, पण आकडा उतरत होता. चौथ्या महिन्यात मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबलं. थोडं चालवून आल्यावर ब्रेकच्या ड्रमला बोट लावलं तर चटका बसला. ब्रेकचा कॅम, म्हणजे लिव्हर दाबली की ब्रेक शू ड्रमवर ढकलणारा तुकडा, उभं राहून राहून कोरडा पडला होता, लिव्हर सोडली तरी शू पूर्ण मागे जात नव्हते. उघडून साफ केला, ग्रीस लावलं, शू बदलले. पुढच्या टाकीला ४४. वही नसती तर मी वर्षभर ब्रेक दाबून गाडी चालवली असती आणि पेट्रोल भरत राहिले असते.

पहिले तीन महिने मला त्या काकांचा राग यायचा. आता येत नाही. त्यांनी एक शब्दही खोटा सांगितला नाही, गाडी खरंच जशीच्या तशी होती. पाचव्या महिन्यापासून तर मला ही आवडायलाही लागली होती: इंजिनात आवाज नाही, धूर नाही, हँडल सरळ, शॉकअप कोरडे, तेलाची गळती नाही. किलोमीटरने जे झिजतं ते सगळं खरंच नव्यासारखं आहे. त्यामुळे उभी राहिलेली गाडी घेऊच नका असं मी म्हणणार नाही. घ्या, पण टायर, बेल्ट, बॅटरी, पाइप, ब्रेक शू यांचा खर्च आधी काढा आणि तो किमतीतून वजा करून मगच बोला. मी बोलले असते तर ही गाडी ३१ हजारवालीपेक्षा बरीच स्वस्त पडायला हवी होती. त्या ३१ हजारवालीचे बेल्ट, टायर, बॅटरी हे पैसे आधीच्या मालकाने भरून झाले होते आणि मी ओरखडा बघून परत आले. आज पुन्हा निवडायची वेळ आली तर बिलांची ती जाड फाइल मी पहिल्यांदा उघडेन.

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली होती. बघायला जाण्याआधी फोन करून सांगितलं होतं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर आधी इंजिनावर हात ठेवून ते गार आहे का बघितलं. गरम इंजिन पटकन सुरू होतं आणि अर्धे दोष लपवतं. त्या दिवशी चोक ओढूनही सातव्या किकला सुरू झाली, निळा धूर आला नाही, म्हणून मी समाधानी होते. सात किका लागल्या याचा अर्थ मात्र विचारला नाही. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवून बघितलं, मधे कुठे अडकत नव्हतं, म्हणजे कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) चांगला. चेसिस नंबर कागदांशी ताडून पाहिला. आणि बेल्टचं कव्हर उघडून बघू का, एवढं विचारायला संकोच वाटला. काही बोल्ट काढायचे होते, पाव तासाचं काम. ओळखीच्या मेकॅनिकला एक फेरीचे पैसे देऊन बरोबर न्यायला हवं होतं.

नवीन बेल्ट आणि रोलर बसवून आता आठवडा झाला. पिकअप इतकं सुधारलं की जुना बेल्ट तुटायच्या कितीतरी आधीपासून घसरत असणार. काल टाकी फुल केली: २१२ किलोमीटर, साडेचार लिटर, ४७ चं ॲव्हरेज. पंपावर पोचले तेव्हा काटा अर्ध्यावर होता.