पणजीतील एका स्मृती-चिकित्सा केंद्राचे परीक्षण: साठ चेहरे आणि घरच्यांसाठीचा एक तास

गेल्या दिवाळीनंतर माझ्या थोरल्या भावाला घेऊन आम्ही फोंड्याहून पणजीतील एका खासगी स्मृती-चिकित्सा केंद्रात तीन वेळा गेलो. पुढे तक्रारीही मांडायच्या असल्याने केंद्राचे नाव देत नाही. मात्र ज्यांच्या घरी फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा (मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजत गेल्याने होणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराचा) रुग्ण आहे, त्यांना अशा सेवेकडून नेमके काय मागून घ्यावे हे ठरवताना आमचा अनुभव उपयोगी पडेल.

दादा ५७ वर्षांचा आहे. त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्यामुळेच आमची दोन वर्षे वाया गेली. तरुणपणी जत्रेतील नाटकांत केलेल्या भूमिकांचे उतारे तो आजही न अडखळता म्हणतो. त्यामुळे स्मृतिभ्रंशाची शंका आम्हाला आली नाही, आणि आधी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनीही नैराश्य समजून गोळ्या दिल्या. चतुर्थीला मात्र आमचे डोळे उघडले. माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला) बांधलेल्या घडातली केळी तो पाहुण्यांदेखत तोडून खाऊ लागला. वहिनींनी डोळे वटारले, तर तो त्यांच्याकडे पाहून प्रसन्न हसला. "वा, छानच केलंत!" असे त्या रागाने म्हणाल्या, तेव्हा त्याने आणखी एक केळे तोडून त्यांच्या हातावर ठेवले.

केंद्रातील पहिली भेट पूर्वेतिहास विचारण्यात आणि एमआरआयची चित्रे पाहण्यात गेली. तेथील डॉक्टरांनी २०११ मध्ये ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष समजावून सांगितले. या आजाराच्या वर्तनाशी निगडित प्रकारात सहा लक्षणे पाहतात आणि त्यांपैकी तीन आढळली तर आजाराची शक्यता धरतात. खाण्याच्या सवयी बदलणे हे त्यांतले एक, आणि दुसऱ्याच्या भावनांविषयीची आस्था आटणे हे दुसरे. प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत शांत होती आणि दादासमोर त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे कोणी बोलले नाही, याची नोंद आवर्जून करतो.

दुसऱ्या भेटीत भावना ओळखण्याची चाचणी झाली. एकमन आणि फ्रीझन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये सिद्ध केलेल्या संचातील ६० कृष्णधवल छायाचित्रे एकेक करून दाखवतात आणि प्रत्येक चेहऱ्यावर आनंद, दुःख, राग, भीती, किळस व आश्चर्य यांपैकी काय दिसते ते विचारतात. (नाट्यशास्त्रातील आठ स्थायीभावांमधून रति आणि उत्साह वगळले की उरतात ते नेमके हेच सहा: हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा, विस्मय. रंगमंचावर हे सगळे भाव चेहऱ्यावर आणणारा माणूस ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर शोधताना पाहणे मला जड गेले.) हसरे चेहरे दादाने बहुतेक बरोबर सांगितले. रागाला तो आश्चर्य म्हणाला, भीतीलाही आश्चर्य म्हणाला, आणि दुःखी चेहऱ्यांपुढे बराच वेळ थांबून "हा माणूस ठीक आहे" असे म्हणत राहिला. दोन छायाचित्रे एकाच व्यक्तीची आहेत का, या प्रश्नाची उत्तरे मात्र त्याने अचूक दिली.

म्हणजे नजरेत दोष नाही. मेंदूचा डोळ्यांच्या वरचा पुढील भाग, कानशिलामागील भागाचे पुढचे टोक (विशेषतः उजव्या बाजूचे), त्याच्या आतील अमिग्डला आणि इन्सुला यांची झीज झाली की दिसलेल्या चेहऱ्याला भावनेचा अर्थ जोडला जात नाही. या रुग्णांत आनंदापेक्षा राग, भीती, दुःख आणि किळस यांची ओळख अधिक बिघडलेली आढळते. याचे एक कारण चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले ते असे, की सहा पर्यायांत निखळ सुखद असा आनंद एकच असतो आणि हसू ओळखणे मुळातच सोपे असते. आवाजातील चढउतार आणि उपरोधही निसटतात. वहिनींचे "छानच केलंत" त्याला शब्दशः ऐकू आले होते.

तक्रारी याच भेटीतल्या आहेत. छायाचित्रांतील चेहरे सगळे परदेशी होते आणि पर्याय इंग्रजीत छापलेले होते. बाई तोंडी भाषांतर करत होत्या, पण एकाच शब्दासाठी त्या कधी 'किळस' म्हणत, तर कधी 'तिरस्कार'. निकालाचा कल यामुळे बदलला असता असे नाही, तरी गोव्यात चाचणी घ्यायची तर पर्यायांची मराठी आणि कोंकणी पाटी आधीच लिहून ठेवायला कितीसा खर्च येणार? अहवाल तीन आठवड्यांनी मिळाला, तोही इंग्रजीत. शिवाय प्रतीक्षाकक्षातील दूरदर्शन संच मोठ्या आवाजात चालू होता.

तिसरी भेट घरच्यांसाठी होती. आजार थांबवणारे औषध नाही आणि अल्झायमरवरच्या गोळ्या येथे उपयोगी पडत नाहीत, हे समुपदेशक बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. मग त्या वहिनींना म्हणाल्या, "तुमच्या चेहऱ्यावरून ते काही समजून घेतील, ही वाट पाहणं आता सोडा. जे वाटतं ते शब्दांत सांगा, आणि त्यांनी काय करायचं तेही सांगा." टोमणे, सूचक मौन आणि डोळ्यांच्या खुणा बंद करायच्या, वाक्ये लहान ठेवायची, आणि बाहेर लोकांना थोडक्यात आजार सांगून टाकायचा, असे त्यांनी सुचवले. वहिनी तेथे पहिल्यांदा रडल्या. वहिनींचे प्रेम दादाने झटकून टाकले, असे त्या दोन वर्षे मनात धरून बसल्या होत्या.

आता घरी त्या म्हणतात, "मला वाईट वाटतंय, माझ्याजवळ बसा." तो बसतो. काही वेळाने उठून डबे उघडू लागतो, पण बसतो.

केंद्राने घरी येऊनही मार्गदर्शन करावे, अशी माझी सूचना आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांवर गोव्यातच झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन दिलेल्या आधारामुळे देखभाल करणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य सुधारल्याचे दिसले होते. तेव्हा ही कल्पना येथे नवी नाही.

तपासणीला मी पाचपैकी तीन गुण देईन, तिसऱ्या भेटीला पाच. ही भेट ठरावीक शुल्कात येत नाही, तिचे पैसे वेगळे पडतात आणि मागितल्याशिवाय ती कोणी सुचवत नाही. आम्हालाही तिची माहिती प्रतीक्षाकक्षातील दुसऱ्या एका कुटुंबाकडून मिळाली. वेळ ठरवण्यासाठी फोन कराल तेव्हाच ती मागून घ्या.