पडताळणीसाठी म्हणून रॉ फाइल मागितली, आणि फोटोच परका झाला

मला फसवणाऱ्यांनी पहिल्या पत्रात एक दमडीही मागितली नाही, आणि माझी सावधगिरी नेमकी तिथेच ढिली पडली. पैसे मागणाऱ्या स्पर्धा, पैसे घेऊन फोटो 'झळकवणारी' पाने, तुमचे फोटो डिजिटल कलाकृती म्हणून विकत घेतो पण आधी नोंदणीचे शुल्क भरा असे सांगणारे कथित संग्राहक, या सगळ्यांविषयी मी वाचलेले होते आणि इतरांना सावधही केले होते. माझ्याकडून त्यांना हवी होती ती वस्तू वेगळीच होती, आणि ती मी आपण होऊन, आभार मानून पाठवली.

गेली काही वर्षे मी एका ऑनलाइन समूहात फोटो टाकते आहे. त्यात पक्षी असतात, प्रवासात दिसलेले रस्ते असतात आणि कधी कधी नुसती वाळत घातलेल्या कपड्यांची भिंतीवर पडलेली सावलीही असते. पहाटे चिखलात बसून आपण जे पाहिले ते आणखी चार जणांनी पाहावे, आणि त्यातल्या एखाद्या जाणत्याने "पार्श्वभूमीतली ती फांदी टाळता आली असती" असे सांगावे, एवढीच त्यामागे अपेक्षा असते. फोटो टाकताना मी त्याची लांब बाजू २०४८ पिक्सेलपेक्षा मोठी ठेवत नसे आणि कोपऱ्यात नाव घालत असे. एवढ्यावर आपली काळजी घेऊन झाली, असे मी समजत असे.

माझा एक फोटो समूहात बराच गाजला होता. पाण्यात सूर मारून वर आलेला छोटा खंड्या, आणि त्याच्या चोचीतून त्याच क्षणी निसटणारा मासा. सेकंदाला बारा फ्रेम, म्हणजे एकामागोमाग बारा फोटो, या वेगाने काढलेल्या एकोणीस फ्रेमपैकी ती अकरावी. शटर फक्त १/३२०० सेकंद उघडे राहिल्यामुळे मासा आणि चोच यांच्यामधले पाण्याचे चार थेंब सुटे, गोल दिसतात. डाव्या कडेला लव्हाळ्याचे एक मोडलेले पाते आले होते, ते मी फोटो टाकण्यापूर्वी कापून काढले. हे पाते लक्षात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

एके दिवशी मला एका आंतरराष्ट्रीय छायाचित्र स्पर्धेच्या समन्वयकाचे पत्र आले. निवड समितीने समूहातले माझे सहा फोटो पाहिले असून ते थेट अंतिम फेरीसाठी निवडले आहेत, प्रवेशशुल्क नाही, असे त्यात लिहिले होते. स्तुती होती, पण ती सरसकट नव्हती. त्या चार थेंबांचा उल्लेख होता, आणि दुसऱ्या एका फोटोतल्या, दवाने लगडलेल्या कोळ्याच्या जाळ्यात फोकस नेमका कोणत्या धाग्यावर आहे हेही लिहिले होते. इतक्या बारकाईने आपला फोटो पाहणारा माणूस लबाड असेल, असे मनात येत नाही. स्पर्धेचे संकेतस्थळ देखणे होते आणि परीक्षक म्हणून दिलेली नावे खरोखरच्या नामवंत छायाचित्रकारांची होती. ती नावे खरी आहेत म्हणजे स्पर्धा खरी आहे, हा निष्कर्ष मी कसा काढला याचे आज माझे मलाच आश्चर्य वाटते. त्यांपैकी एकाला पुढे मी स्वतः पत्र लिहिले, तेव्हा आपण अशा कोणत्याही स्पर्धेचे परीक्षक नाही, हे त्यांनी दोन ओळींत कळवले. ते पत्र आधी लिहायला मला पाच मिनिटे लागली असती.

दुसऱ्या पत्रात पडताळणीसाठी सहाही फोटोंच्या मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, कसलेही संस्करण न झालेल्या फाइल, मागवण्यात आल्या, आणि प्रत्येक फोटोच्या आधीच्या तीन व नंतरच्या तीन फ्रेमही. ही मागणी वावगी नाही, हे या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेने २००९ चा सर्वोच्च पुरस्कार पुढच्या वर्षी रद्द केला, कारण त्या फोटोतला फाटकावरून उडी घेणारा लांडगा रानटी नसून बहुधा शिकवलेला असावा, असे परीक्षकांचे मत झाले. २०१७ चा एका विभागातला विजेता फोटोही २०१८ मध्ये बाद झाला, कारण त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. पत्रात अशा प्रकरणांकडे बोट दाखवून कडक पडताळणीचे महत्त्व सांगितले होते. (या दोन्ही प्रकरणांत खोट कॅमेऱ्याच्या समोर होती, फाइलमध्ये नव्हती, हे मला फार उशिरा सुचले.) मी एका संध्याकाळी बेचाळीस फाइल पाठवून दिल्या.

ज्यांना याचे गांभीर्य चटकन जाणवणार नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. आपण जो फोटो सगळ्यांना दाखवतो तो जेपेग असतो, म्हणजे प्रत्येक रंगासाठी आठ बिटांची, दाबून लहान केलेली प्रत. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरने नोंदलेली बारा किंवा चौदा बिटांची सगळी माहिती असते, कापून टाकलेल्या कडा असतात, आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही असतो. जेपेगमधला मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत साठवलेली तारीख, कॅमेरा वगैरे माहिती, फुकटच्या सॉफ्टवेअरने कोणीही बदलू शकतो, म्हणून त्या माहितीला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. फिल्मच्या काळात निगेटिव्ह ज्याच्याकडे त्याचा फोटो, असे मानले जाई; आज ती जागा रॉ फाइलने घेतली आहे. कायद्याने फोटोवर हक्क काढणाऱ्याचाच असतो. बर्न करारात, म्हणजे लेखन-कलाकृतींवरील हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९०८ साली बर्लिन येथे झालेल्या दुरुस्तीपासून त्यासाठी कोणतीही नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नाही म्हणजेच वाद झाला तर कागद दाखवता येत नाही, मूळ फाइलच दाखवावी लागते. मी ती परक्याच्या हाती दिली होती, आणि आजूबाजूच्या फ्रेम देऊन त्याच्या खोट्या दाव्याला साक्षीदारही पुरवले होते.

पैशांची मागणी त्यानंतर आली. प्रदर्शनासाठी मोठ्या आकाराच्या छपाईचा खर्च आणि चित्रांच्या विम्याची अनामत. अनामत परत मिळणार होती. रक्कम अशी बेताची होती की ती देताना कोणाला विचारावेसे वाटू नये आणि गेल्यावर कोणाला सांगावेसे वाटू नये. खाते संस्थेच्या नावाचे नसून एका व्यक्तीच्या नावाचे होते. विचारल्यावर ते कोषाध्यक्षांचे आहे असे उत्तर आले आणि मी ते मान्य केले. पंधरवड्याने चित्रे सीमाशुल्कात अडकल्याचे सांगून पुन्हा पैसे मागितले, तेही मी दिले. तिसऱ्या मागणीला मी प्रश्न विचारले आणि पत्रव्यवहार थांबला. संकेतस्थळ आठवड्याभरात नाहीसे झाले. त्या पत्त्याची नोंदणी मला पहिले पत्र येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी झाली होती, ही माहिती कोणालाही दोन मिनिटांत पाहता येते. मी ती संकेतस्थळ गेल्यावर पाहिली. बँकेकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली, पण त्यापूर्वी अकरा दिवस मी लाजेपोटी गप्प बसले होते, आणि एवढ्या काळात ते पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांनी पहिल्या काही तासांतच तक्रार करावी.

हे प्रकरण इथे संपले असते तर मी पैसे गेले म्हणून सोडूनही दिले असते. पण सुमारे आठ महिन्यांनी समूहातल्या एका सदस्याने मला फोटो विकणाऱ्या एका संकेतस्थळाचा दुवा पाठवला. माझाच खंड्या होता, फक्त आरशात पाहावा तसा उलटा फिरवलेला. असा उलटवलेला फोटो चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनांच्या तावडीतून पुष्कळदा सुटतो. मी अधूनमधून शोध घेऊनही तो मला सापडला नव्हता, त्याचे कारण हेच. उजव्या कडेला मोडलेले लव्हाळे उभे होते. ते पाते समूहातल्या माझ्या फोटोत कधीच नव्हते, तेव्हा चोरी समूहातून झालेली नसून मी पाठवलेल्या रॉ फाइलवरून झाली आहे, याविषयी शंका उरली नाही. खाली मथळा होता, 'मासा पकडणारा नर'. छोट्या खंड्याच्या मादीच्या चोचीचा खालचा भाग नारिंगी तांबूस असतो आणि नराची चोच काळी असते; या फोटोत ती नारिंगी कड स्पष्ट दिसते. ज्याने हा फोटो 'काढला' त्याला आपण काय काढले हेही ठाऊक नव्हते.

मी तक्रार केली. संकेतस्थळाने दोन्ही बाजूंकडून पुरावे मागितले, आणि समोरच्याने निवांतपणे रॉ फाइल सादर केली, सोबत मागच्यापुढच्या सहा फ्रेम. माझे जुने पोस्ट त्याच्या आधीच्या तारखेचे होते, तर त्यावर त्याचे म्हणणे असे की हिनेच माझा फोटो उचलून, कापून, लहान करून टाकला. हे वाचताना मला आलेला संताप बाजूला ठेवून सांगायचे, तर युक्तिवाद बिनतोड होता; मोठा, न कापलेला फोटो त्याच्याकडे होता आणि जगाला मी दाखवलेला फोटो लहान व कापलेला होता.

मला वाचवले ते मी न पाठवलेल्या फ्रेमनी. त्याच्याकडे आठवी ते चौदावी अशा सात होत्या. माझ्याकडे सगळ्या एकोणीस होत्या. तिसरीत पक्षी अजून दिसतच नाही, फक्त पाण्याचा मुकुट उसळलेला आहे. सतराव्या फ्रेममध्ये तो रिकाम्या चोचीने चौकटीबाहेर निघाला आहे. फाइलचे क्रमांक सलग, वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत जुळणारी, आणि प्रत्येक फाइलमधला अनुक्रमांक माझ्या कॅमेऱ्याच्या तळाशी कोरलेला, माझ्या नावाच्या बिलावर छापलेला. समोरच्याला पंधरावी फ्रेम दाखवायला सांगितले, तेव्हा उत्तर आले नाही. तो फोटो आणि त्याच खात्यावरचे माझे आणखी दोन फोटो काढून टाकण्यात आले.

दवाच्या जाळ्याच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. तो दुसऱ्याच संकेतस्थळावर, दुसऱ्याच नावाने सापडला. तिथे इंटरनेटवरच्या स्वामित्वहक्कांविषयीच्या १९९८ च्या अमेरिकन कायद्याची रीत पाळली जाते. तक्रार आली की फोटो उतरवतात, समोरच्याने प्रतिदावा केला की तक्रारदाराला कळवतात, आणि दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत तक्रारदार न्यायालयात गेला नाही तर फोटो पुन्हा लावतात. न्यायालयात जाणे माझ्या आवाक्यातले नव्हते. शिवाय माझ्याकडे दाखवायला होते तरी काय? तो फोटो जुन्या कॅमेऱ्यावर काढलेला होता, तो कॅमेरा नवा घेताना बदल्यात देऊन टाकला होता, बिल जपले नव्हते, आणि जागा वाचवण्यासाठी त्या सकाळच्या उरलेल्या सगळ्या फ्रेम मी पुसून टाकल्या होत्या. राहिलेल्या सात मी स्वतः निवडून स्पर्धेला पाठवल्या होत्या. सहांपैकी उरलेले दोन फोटो मला अजून कुठे सापडलेले नाहीत.

समूहात हे सगळे सांगायला मला फार दिवस लागले. सांगितल्यावर आणखी दोघांनी त्याच स्पर्धेला फाइल पाठवल्याचे कबूल केले. त्यांपैकी एकाकडून पैसे मागितलेच नव्हते, त्यामुळे आपली फसवणूक झाली आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. माझ्या मते असेच लोक जास्त असतील.

आता माझ्या सवयी बदलल्या आहेत. गाजलेल्या फोटोच्या मागच्यापुढच्या फ्रेम मी पुसत नाही, कितीही निरुपयोगी असल्या तरी; त्या वेगळ्या डिस्कवर ठेवते आणि कॅमेऱ्याचे बिल त्याच्या फोटोसह जपते. कोणी मूळ फाइल मागितली तर आधी परीक्षकांपैकी एकाला थेट लिहून विचारते आणि स्पर्धेचे मागील वर्षांचे विजेते कोण, हे त्या विजेत्यांच्या स्वतःच्या पानांवर जाऊन पाहते. नियमांत 'कायमस्वरूपी', 'हस्तांतरणीय' किंवा 'इतरांना पुढे परवाना देण्याचा अधिकार' हे शब्द दिसले तर तिथेच थांबते. माझ्या स्पर्धेच्या नियमांत हे तिन्ही होते, सतराव्या कलमात. पडताळणी खरोखरच हवी असेल, तर मी संगणकाचा पडदा दाखवून फाइल समोर उघडायला तयार असते. प्रामाणिक आयोजकाला तेवढ्यावर निदान बोलणे सुरू ठेवता येते. ज्याला फाइलच हवी असते तो मात्र यावर लगेच मुदत संपत आल्याची घाई करू लागतो, आणि मला माझे उत्तर मिळते.

दवाचा फोटो आजही तिथे परक्या नावाने विकायला आहे. मोठा करून पाहिला तर जाळ्याच्या खालच्या कोपऱ्यातला एक धागा किंचित अस्पष्ट दिसतो. मी फार जवळ गेले होते आणि माझा श्वास लागून तो हलला होता. त्या संकेतस्थळावरच्या वर्णनात त्याला 'मंद वारा' म्हटले आहे.