करिअर सेलची ॲक्टिव्हिटी रेकॉर्ड सर्व्हिस: पॉइंट्स राहू द्या, मॉक इंटरव्ह्यू सोडू नका

पूर्ण दोन वर्षं वापरून झाल्यावर लिहितोय, त्यामुळे थोडं लांबेल.

आमच्या युनिव्हर्सिटीच्या करिअर सेलची ही सर्व्हिस. अभ्यासाबाहेर जे काही करता, नाटक, डिबेट, फेस्ट, व्हॉलंटिअरिंग, ते पोर्टलवर टाकायचं, क्लबच्या इनचार्जने अप्रूव्ह करायचं, तासांप्रमाणे पॉइंट्स मिळणार आणि शेवटी मार्कशीटसोबत सही-शिक्क्याचं वेगळं रेकॉर्ड. कल्पना काही यांची नाही, ब्रिटनमध्ये बऱ्याच युनिव्हर्सिट्या हायर एज्युकेशन अचीव्हमेंट रिपोर्ट देतात, त्यातही अशा तपासलेल्या ॲक्टिव्हिटीजना जागा असते.

पोर्टल बंडल आहे. फोटो अपलोड करताना तीनदा लॉगआउट, आणि अप्रूव्हल महिनोन्महिने पेंडिंग. पण खरा राग तासांच्या हिशोबाचा. तालमीला येऊन कोपऱ्यात मोबाइल बघत बसणारा आणि रात्री अकरापर्यंत सेट ठोकणारा, दोघांना सारखेच पॉइंट्स! मग काय, पॉइंट्स गोळा करणारी एक जमातच तयार झाली, हजेरी लावायची, सेल्फी काढायचा, निघायचं. मी इकॉनॉमिक्सवाला म्हणून सांगतो, इकॉनॉमिस्ट मायकल स्पेन्सने १९७३ मध्ये सिग्नलिंगबद्दल, म्हणजे कागदावरून माणसाची कुवत कशी कळते याबद्दल, लिहिलं त्याचा गाभा हाच होता, जो कागद कच्च्या-पक्क्या सगळ्यांना सारख्याच कष्टात मिळतो त्यावरून कंपनीला कोण पक्का ते कळत नाही.

वर्कशॉप्सबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पब्लिक स्पीकिंगचं वर्कशॉप केलं, दोन तास एकटे सर बोलले, आम्ही ऐकलं. त्यापेक्षा माझी रूममेट टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करायच्या क्लबला जायची ते बरं, तिथे स्वतःला उभं राहून बोलावं लागतं, वेळ भरत आली की हिरवा, पिवळा, लाल दिवा, आणि तुमचे अं-अं मोजायला वेगळा माणूस.

आता जमेची बाजू. या सर्व्हिसमध्ये एक मॉक इंटरव्ह्यू मिळतो, चाळीस मिनिटांचा, आणि बहुतेक जण तो घेतच नाहीत कारण त्याला पॉइंट्स नाहीत.

माझ्या सीव्हीत होतं, "ड्रामा क्लबचा सक्रिय सदस्य, टीमवर्क, लीडरशिप". इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी लीडरशिपवर पेनाचं टोक ठेवलं. म्हणाल्या, म्हणजे काय केलंस?

"आम्ही तीन नाटकं बसवली."

"आम्ही नको. तू काय केलंस?"

मी लाइट्स बघायचो. मॅडम खोदत गेल्या तसं एकेक निघालं, रंगीत तालमीला लाइट बोर्डचे (लाइट्स जिथून चालवतात तो) दोन चॅनल बंद पडले होते, प्रयोगाला पाच तास, दुसरा बोर्ड मिळेना, मग मी विंगेत बसून क्यू-शीट, म्हणजे कोणता लाइट कधी बदलायचा त्या इशाऱ्यांची (क्यूंची) यादी, पहिल्यापासून लिहिली, बेचाळीस क्यूंचे एकोणतीस केले आणि दिग्दर्शकाशी भांडून रात्रीच्या सीनमधला निळा स्पॉट काढायला लावला. मॅडम म्हणाल्या हे का नाही लिहिलंस, मी म्हटलं यात लिहायचं काय, बॅकस्टेजला हे रोजचंच असतं की.

मग त्यांनी ते स्टार पद्धतीत बसवून घेतलं, सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. नाव नेटवर सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण करायला बसलं की गाडी रिझल्टवर अडते. मी "प्रयोग छान झाला" म्हटलं, ते खोडलं. छान कोणाच्या मते? मग "प्रयोग वेळेवर उघडला, एक क्यू चुकला". चुकलेला मी गाळायला निघालो होतो, मॅडम म्हणाल्या राहू दे, आणि तो का चुकला तेही नीट आठवून ठेव.

नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये त्या चुकलेल्या क्यूवरच दहा मिनिटं गेली! कोणी सांगायचं होतं, कळलं कधी, तेव्हा काय केलंस, परत तशी वेळ आली तर शीट कशी लिहिशील. शिक्क्याचं रेकॉर्ड मी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलं होतं, ते कोणी मागितलंही नाही.

तर सर्व्हिसला पाचपैकी तीन, त्यातले अडीच मॉक इंटरव्ह्यूचे. घ्यायचा असेल तर शेवटच्या वर्षाची वाट बघू नका, दुसऱ्या वर्षातच घ्या, म्हणजे आपल्याकडे सांगण्यासारखं काय नाहीये ते वेळेत कळतं आणि क्लबमध्ये नुसतं नाव लावण्याऐवजी एखादं काम अंगावर घेता येतं. स्लॉट सोमवारी सकाळी उघडतात आणि लगेच भरतात.

आणि हो, पास होऊन आठ महिने झाले, माझं एक अप्रूव्हल अजून पेंडिंगच दाखवतंय.