भाडेकरूसकट फ्लॅट घेतला, मग वकील मॅडमकडे धावलो (4 स्टार)

आधी माझा मूर्खपणा सांगतो, म्हणजे मॅडमनी काय केलं ते कळेल. सिंहगड रोडला रिसेलचा टू बीएचके घेतला, भाडेकरूसकट. एजंट म्हणाला साहेब पहिल्या महिन्यापासून भाडं चालू, आयतं. आयतं कसलं, खरेदीखत झाल्यावर कळलं की भाडेकरूचा 11 महिन्यांचा करार दोन महिन्यांपूर्वीच संपलाय, तेव्हापासून भाडं बंद, आणि 60 हजार डिपॉझिट जुन्या मालकाकडे, ते नागपूरला. भाडेकरू दारातूनच म्हणाला, "काका, डिपॉझिट द्या, उद्या निघतो." म्हटलं मी घेतलंच नाही तर देऊ कुठून? "मग मी तरी कुठे जाऊ?" झालं.

मेहुणे म्हणाले लाइट तोडा, दोन दिवसात पळेल. नशीब आधी इथे आलो. मॅडम म्हणाल्या मीटरला हात लावलात तर पोलीस स्टेशनला तुम्ही बसाल आणि तो फिर्यादी होईल. मग पहिला प्रश्न, करार रजिस्टर्ड आहे का? होता, जुन्या मालकांनी ऑनलाइन केलेला, अंगठ्यासकट. नसता तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे अटी काय ठरल्या होत्या यात भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, म्हणे.

मला सगळ्यात आवडलं ते हे की खोटी आशा दाखवली नाही. करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे, म्हणजे नुसती राहायची परवानगी, ईझमेंट कायद्याच्या कलम 59 मुळे घर विकलं की नवा मालक त्या लायसन्सला बांधील नसतो, हे चांगलं. पण घर रिकामं करून घ्यायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांवर निकाल देणारा सरकारी अधिकारी) झटपट जायचं तर तिथे 'मालक' मध्ये मालक वारल्यावर आलेला वारस लिहिलाय, विकत घेणारा तसा लिहिलेला नाही, समोरचा वकील तिथेच फाटा फोडणार. दुसरा कोणी असता तर फी घेऊन आधी केस टाकली असती आणि मग हे सांगितलं असतं.

मग नोटीस पाठवली, त्यात मुदत संपल्यावर राहिल्याबद्दल दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते हे ठळक लिहिलं. आणि जुन्या मालकाला फोनवर घेऊन हिशोबच मांडला. भाडं 18 हजार, त्यांचे दोन महिने थकलेले म्हणजे 36, माझा एक महिना 18, डिपॉझिटमधून राहिले 6 हजार, ते भाडेकरूला. हे मला का नाही सुचलं? खरं तर खरेदीच्या वेळीच डिपॉझिट किमतीतून वजा करून घ्यायचं असतं, एजंटने ब्र काढला नाही.

महिनाअखेरीस घर रिकामं. ताबा पावती, मीटर रीडिंगचा फोटो, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, सगळं मॅडमनी लिहून घेतलं. जाताना पठ्ठ्या बाथरूमचा गीझर काढून घेऊन गेला, पावती दाखवली, त्याचाच होता.

एक स्टार कापलाय कारण फोन उचलत नाहीत, तीनदा लावावा लागतो, आणि ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर आधी विचारा.