एमएम की एमसी? आधी फोनो प्रीॲम्प पाहा

रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला छोटा भाग, दोन प्रकारची असते: एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) आणि एमसी (मूव्हिंग कॉइल). दोन्ही प्रकारच्या कार्ट्रिज सुईच्या थरथरण्यातून वीज तयार करतात. हा क्षीण सिग्नल मोठा करतो तो फोनो प्रीॲम्प. एमएममध्ये चुंबक हलतं, एमसीमध्ये तारेची वेटोळी. एमएममधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट मिळतात. तिला ४० डेसिबलच्या आसपास गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, पुरतो. कमी आउटपुटच्या एमसीतून मिळतात जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट, म्हणून गेन ६० डेसिबलच्या घरात लागतो. ती एमएमच्या इनपुटला जोडली तर आवाज बारीक येतो आणि व्हॉल्यूम चढवला की गाण्याबरोबर सूंसूंही वाढते.

लोडिंगकडे, म्हणजे प्रीॲम्पचं इनपुट कार्ट्रिजवर किती विद्युत भार टाकतं त्याकडे, मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. एमएमसाठी लोडचा रोध ४७ किलोओहम ठरलेला. पण केबल आणि प्रीॲम्प यांची मिळून कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किती होते, ते बघायलाच हवं. उत्पादकाने १५० पिकोफॅरड सांगितले असताना ३०० झाले, तर वरचे सूर कानाला टोचू शकतात. एमसीला कपॅसिटन्सचं फारसं सोयरसुतक नाही. तिथे कॉइलच्या रोधाच्या दहापट लोडपासून सुरुवात करावी, पुढचं कानांनी ठरवावं.

एमएमची सुई बहुधा घरीच बदलता येते, एमसीची सहसा नाही.

प्रीॲम्प साधा असेल तर मी एमएमच घेईन. अर्धपोटी ठेवलेल्या एमसीपेक्षा नीट जुळवलेली एमएम कितीतरी सुरेल वाजते.