प्रोसेसर वॉरंटीत बदलायचाय: दुकानातून की थेट कंपनीकडून?

प्रोसेसर सहसा बिघडत नाही, आणि म्हणूनच तो बिघडला की कुणाला पटत नाही. रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), बोर्ड, विंडोज, अगदी घरातली अर्थिंगसुद्धा संशयितांत येऊन जाते, तेव्हा कुठं त्याचा नंबर लागतो. माझंही तसंच झालं. परभणीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मशीन दिवसभर नीट चालायचं, पण एक्सपोर्ट निम्म्यावर आला की झटक्यात रिस्टार्ट.

रॅमची एकेक पट्टी लावून रात्रभर मेमटेस्ट (रॅमची तपासणी) चालवली (मध्येच लाइट गेली, म्हणून दोन रात्री). रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी बंद केलं, बायोस अपडेट केलं, मित्राचा एसएमपीएस लावून पाहिला. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला तर डब्ल्यूएचईए-लॉगरच्या इव्हेंट १८ च्या, म्हणजे हार्डवेअरच्या गंभीर एररच्या, नोंदींची रांगच लागलेली, आणि प्रत्येक नोंदीत एपिक आयडी (कोअरची ओळख सांगणारा क्रमांक) तोच. म्हणजे दर वेळी प्रोसेसरचा एकच कोअर दगा देत होता. खात्री करायला मेव्हण्याच्या मशीनमधला प्रोसेसर माझ्या बोर्डावर बसवला. तोच प्रोजेक्ट सलग चार वेळा निघाला. माझा त्याच्याकडं बसवल्यावर त्याचं मशीन आडवं. आता शंकेला जागा नव्हती.

पुढं दोन वाटा होत्या आणि मी दोन्ही चालून पाहिल्या.

पहिली अर्थात दुकानाची. ओळखीचा माणूस, मराठीत बोलणं, कुरियरची भानगड नाही. पण सीपीयू म्हणजे खरं तर प्रोसेसर, आणि आपल्याकडं 'सीपीयू' म्हणजे अख्खा डबा. फोनवर "सीपीयू खराब झालाय" म्हटलं की "घेऊन या" एवढंच उत्तर येतं. घेऊन गेलो. दुकानात एसी चालू. त्यांनी मशीन लावलं, डेस्कटॉप आला, यूट्यूबवर एक गाणं वाजलं. "चालायलंय की भाऊ, उन्हामुळं होत असंल." मी मोबाइलवर एररचे फोटो दाखवले, रिस्टार्ट होताना तापमान ५५ अंशच होतं हेही सांगितलं. ऐकून घेतलं, पण मशीन परत माझ्याच स्कूटीवर. असं तीनदा. तिसऱ्या वेळी मी तिथंच एक्सपोर्ट लावून बसलो, तर त्या दिवशी पठ्ठ्यानं एकदाही मान टाकली नाही. दुकानदार हसला, मीही हसलो, पण मनातून उतरलं ते तिथंच. अधूनमधून होणारा बिघाड दहा मिनिटांत दिसत नाही आणि दुकानाकडं गिऱ्हाइकाच्या गर्दीत दहा मिनिटांच्या वर वेळ नसतो. यात त्याचा दोष किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग थेट कंपनीकडं दावा टाकला. तिथंही सुख नाही. सगळा व्यवहार इंग्रजी ईमेलवर, एकच प्रश्न दोनदा. प्रोसेसरच्या झाकणावर कोरलेल्या अक्षरांचा फोटो मागतात. कूलरखालची पेस्ट पुसून, खिडकीत तिरका धरून दहाव्या फोटोत ती कुठं वाचता आली. बिल, खोक्यावरचं लेबल, सगळं पाठवलं. मध्ये जवळपास तीन आठवडे मशीन बंद, ऐन सीझनला मेव्हण्याकडं रात्री जागून काम केलं. पण एक गोष्ट झाली: इव्हेंट १८ च्या स्क्रीनशॉटवर आणि अदलाबदलीच्या तपासणीवर कुणी "चालतंय की" म्हणालं नाही. लिहिलेलं वाचलं गेलं. मला तेवढं पुरलं.

अर्थात ही वाट सगळ्यांना खुली नसते. ट्रे प्रोसेसर, म्हणजे खोक्याशिवायचा, घेतला असेल तर कंपनी विक्रेत्याकडंच बोट दाखवते. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या बिलावर घेतला असेल तरी अडचणच. अशा वेळी दुकानदाराशी गोड बोलणं आलं. आणि एक: इंटेलनं २०२४ मध्ये १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या अस्थिरतेच्या तक्रारींनंतर त्यातल्या बऱ्याच खोकाबंद डेस्कटॉप प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून ५ वर्षं केली. माझा त्यातला नव्हता, पण तुमचा असेल तर 'तीन वर्षं संपली' एवढ्यावर दुकानातून परत फिरू नका.

पाठवताना जपायचं ते पिनांना. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांत पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. कूलर थेट वर ओढला तर चिकटलेला प्रोसेसरही सोबत उपटून येतो आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी नाही. आधी मशीन थोडं चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग कूलर हलकेच पिळून काढावा. एएम५ किंवा इंटेलमध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात, म्हणून त्यांनी सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण शोधून ठेवावं.

हिंगोलीच्या भाच्याचा गेल्या महिन्यात असाच फोन आला. त्याचा ट्रे, बिल कच्चं. त्याला दुकानातच जायला सांगितलं, फक्त दुपारच्या सामसुमीत जा आणि सोबत तोच प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर ने म्हटलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: "मामा, दुकानात चालायलंय."